आज्जाच्या डब्यात पाच मेडलं, डिस्चार्ज बुकात तीनच. रेकॉर्ड दुरुस्त करायचं कसं?

खानापूरचा_नातू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, सांभाळून घ्या.

माझा आज्जा १९६६ ला भरती झाला, १९८८ ला नायब सुभेदार म्हणून पेन्शनीत आला. पलटणीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कुणाला बोल लावायला हा प्रश्न विचारलेला नाही. गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामाला त्याचं डिस्चार्ज बुक ट्रंकेतून बाहेर काढलं. त्यात मेडलांच्या रकान्यात तीनच नावं आहेत, संग्राम मेडल, २५व्या स्वातंत्र्यदिनाचं मेडल आणि ९ वर्षांचं लाँग सर्व्हिस. पण घरात मेडलं पाच आहेत! जुना स्टीलचा जेवणाचा डबा आहे, त्यात खाकी पायमोज्यात गुंडाळून डांबरगोळी टाकून ठेवल्यात. जास्तीची दोन म्हणजे 'पूर्वी स्टार' (७१ च्या लढाईचं मेडल) आणि २० वर्षांचं लाँग सर्व्हिस.

आज्जा ७१ च्या लढाईत अगरतळ्याच्या बाजूनं पूर्व पाकिस्तानात आत गेला होता हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पोटरीला तोफेचा छर्रा लागला, मग विमानानं गुवाहाटीच्या हॉस्पिटलात, तिथून पुढं बरा झाल्यावर ट्रेनिंग सेंटरला बदली. परत पलटणीत गेला तो तीनेक वर्षांनी. एवढंच तो सांगतो, जास्त विचारलं की "जा, म्हशीला वैरण घाल जा" म्हणतो.

तर माझं म्हणणं असं की मेडलं हातात आहेत म्हणजे मिळालीच असणार, मग बुकात का नाहीत? आणि ती आता चढवून घ्यायला कुठं जायचं? बेळगावात चार ठिकाणी फिरूलालोय, एक म्हणतो दिल्लीला लिहा, दुसरा म्हणतो कोर्टात जा, तिसरा म्हणतो हरवल्याची पोलीस कंप्लेंट आणा. हरवलंय कुठं, डब्यात आहे की ओ! येत्या १६ डिसेंबरला विजय दिवसाच्या कार्यक्रमाला गावानं आज्जाला बोलावलंय, तो जायला तयार नाही. वय ७८. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

बेळगावी_कुंदा

भावा, एक स्पष्ट विचारू? मेडल चढलं तर पेन्शन वाढणार काय? नाही ना. मग ह्या वयात म्हाताऱ्याला कशाला ऑफिसात फिरवतोस. आमच्या मामाचं आधारवरचं नाव दुरुस्त करायला आठ महिने गेले, हे तर ५० वर्षांपूर्वीचं.

जुना_हेडक्लार्क

कुंदा साहेब, पैशाचं म्हणाल तर खरं आहे, पूर्वी स्टार, संग्राम, लाँग सर्व्हिस ह्यांना भत्ता नसतो, तो शौर्य पदकांना. पण म्हणून विचारूच नये असं थोडंच आहे.

नातू, मी निपाणीकडचा, फौजेत क्लार्क होतो, अशी कागदं आयुष्यभर हाताळलीत. आधी एक काम कर. उद्या सकाळी उजेडात पाचही मेडलं बाहेर काढ आणि त्यांची कड बघ. गोल मेडलाच्या कडेवर जवानाचा नंबर, रँक, नाव इंग्रजीत बारीक अक्षरात कोरलेलं असतं. स्टार असेल तर मागची बाजू बघ. मोबाईलची बॅटरी तिरकी मारली की अक्षरं उठून दिसतात. ब्रासोनं घासत बसू नकोस, घासून घासून अर्ध्या लोकांनी नावं पुसून टाकल्यात. आणि इथं नंबर लिहू नकोस, फक्त एवढंच सांग की पाचीवर नाव आहे की नाही.

बाकीचं त्यानंतर बोलू. कारण हरवलेलं मेडल, मंजूर होऊन हातात न आलेलं मेडल आणि मंजूरच न झालेलं मेडल ही तीन वेगळी प्रकरणं आहेत, आणि तुला तिघांनी तीन प्रकरणांची उत्तरं दिल्यात.

खानापूरचा_नातू

काका, बघितलं. तीन मेडलांवर नाव आहे, तीच तीन जी बुकात आहेत. पूर्वी स्टार आणि २० वर्षवाल्यावर काहीच नाही, कोरं. स्टारच्या मागनं तर एकदम गुळगुळीत.

आज्जाला दाखवलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते कॅम्पातल्या दुकानातनं घेतलंय." ८९ ला माजी सैनिकांचा मेळावा होता म्हणे, बरोबरीच्या सगळ्यांच्या छातीवर स्टार होता, ह्याच्या नव्हता, म्हणून घेतला, एकदाच लावला आणि परत कधी लावला नाही. आज्जीला पण माहीत नव्हतं. मी आता काय बोलणार, मला वाटलं उगाच उकरून काढलं.

सुभेदार_रिटायर्ड

बेटा, आज्जानं काही चोरी केलेली नाही, हे आधी डोक्यातनं काढ. असली मेडलं हातात यायला वर्षानुवर्षं लागायची, परेडला तर लावायलाच पाहिजे, मग दुकानातली कॉपी लावायची. सर्व्हिसमधले सुद्धा तेच करतात. कॅम्पातल्या टेलरकडं रिबन मीटरवर मिळायची आमच्या वेळेला. प्रश्न फक्त एवढाच आहे की कॉपी लावायचा हक्क कागदावर होता की नाही. तो बघून घ्या.

जुना_हेडक्लार्क

सुभेदार साहेब बरोबर बोलले. आता नीट ऐक, जरा सविस्तर लिहितो.

मेडल जवानाच्या नावावर कसं चढतं? युनिट आधी नॉमिनल रोल काढतं, म्हणजे कोण कोण पात्र आहे त्याची यादी. ती मंजूर झाली की पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे जवानाच्या नोंदीत बदल करायचा युनिटचा लेखी आदेश. ती ऑर्डर रेकॉर्ड ऑफिसला गेली की तिथं शीट रोलवर (जवानाच्या सगळ्या सर्व्हिसच्या नोंदींच्या कागदावर) नोंद होते, आणि डिस्चार्ज बुकातला रकाना शेवटी त्याच्यावरून भरतात. म्हणजे डिस्चार्ज बुक हे सगळ्यात खालचं टोक. लोक बुक घेऊन भांडायला जातात, पण बुकात दुरुस्ती करायची तर वरचा कागद पाहिजे. पार्ट टू ऑर्डर असेल तर काम सोपं, नसेल तर ती आता काढायला लावायची, त्याला पुरावा पाहिजे.

आता तुझ्या आज्जाचं बघ. पूर्वी स्टार लढाईच्या वेळी नव्हताच, तो १९७३ मध्ये सुरू झाला, ७१ च्या पूर्व आघाडीसाठी. पश्चिमेकडं लढले त्यांना पश्चिमी स्टार. म्हणजे पलटणीनं पूर्वी स्टारची यादी काढली ती ७३ नंतर, आणि तेव्हा तुझा आज्जा पलटणीच्या स्ट्रेंथवर, म्हणजे पटावर, नव्हता, हॉस्पिटल करून ट्रेनिंग सेंटरला गेला होता. पलटण म्हणणार तो आमच्याकडं नाही, सेंटर म्हणणार आमच्याकडं लढाई झालीच नाही. मधल्या मधी माणूस राहिला. मी शंभर टक्के सांगत नाही, पण जखमी होऊन बाहेर पडलेल्यांच्या बाबतीत असं व्हायचं.

संग्राम मेडल मिळालंय त्यावर भर देऊ नकोस. संग्राम जास्त लोकांना मिळालं, त्याची हद्द मोठी होती. तो माणूस त्या काळात ड्युटीवर होता एवढंच त्यातनं कळतं, लढाईच्या हद्दीत होता हे कळत नाही. स्टारला तेच दाखवायला लागतं.

२० वर्षवाल्याचं कारण मला वेगळं वाटतं. १९६६ अधिक २० म्हणजे १९८६. आज्जा नायब सुभेदार कधी झाला? जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, नायब सुभेदारापासून वर) झाला की नंबर बदलतो, जेसी नंबर मिळतो. जुन्या नंबरची सर्व्हिस आणि नवीन नंबरची सर्व्हिस कुणी एकत्र जोडली नसेल तर २० वर्षं भरलीच नाहीत असं दिसणार. हे मात्र लगेच सुटण्यासारखं आहे, कारण भरतीची तारीख आणि डिस्चार्जची तारीख दोन्ही त्यांच्याच कागदावर आहेत.

आणि तू एका गोष्टीचं नावच घेतलं नाहीस. छर्रा लागला म्हणतोस ना? शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्याला वेगळं मेडल आहे, वूंड मेडल, त्यालाच पराक्रम पदक म्हणतात. ते पण १९४७ पासूनच्या जखमींना लागू आहे. म्हणजे बुकात दोन नाही, कदाचित तीन कमी आहेत.

बेळगावी_कुंदा

हे बघा, आलो होतो दोन मेडलं विचारायला, तीन निघाली. शब्द मागं घेतो, करा अर्ज 🙏

चंदगडकर_ताई

माझ्या वडिलांचं लाँग सर्व्हिस असंच राहिलं होतं, आम्ही दुरुस्त करून घेतलं, म्हणून लिहिते. खरी डोकेदुखी मेडलाची नसते, नावाची असते.

बाबांच्या डिस्चार्ज बुकात आडनाव नव्हतंच, त्यांचं नाव, आज्ज्याचं नाव आणि पुढं पाटील. पाटीलकी होती म्हणून भरतीवाल्यानं पाटील लिहिलं असेल, आमचं आडनाव वेगळंच आहे. गावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं. खानापूर, निपाणीकडच्या लोकांना तर आणखी गंमत, फौजेच्या कागदावर त ला नुसता टी आणि आधार कार्डावर कन्नड पद्धतीनं टीएच, एका अक्षरानं माणूस दुसराच होतो. वर जुन्या कागदांवर जिल्हा बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. आम्ही चंदगडचे म्हणजे कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र, पण बाबा भरती झाले तेव्हा मामाच्या गावाचा पत्ता दिला होता, तो कर्नाटकात! मग कोल्हापूरच्या सैनिक कल्याणवाले म्हणायचे बेळगावला जा, आणि तिकडनं परत इकडं.

म्हणून मेडलाच्या अर्जाआधी एक अ‍ॅफिडेव्हिट करा, अमुक नावाचा आणि तमुक नावाचा माणूस एकच आहे म्हणून. इंग्रजीत करा. तुमच्या पंचायतीचा दाखला कन्नडमध्ये असणार, तो तसाच जोडू नका, इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडा, समोरचा क्लार्क बिहारचा असो नाहीतर केरळचा, त्याला वाचता आलं पाहिजे. ह्यावरून कुणी इथं सीमाभागाची भाषणं सुरू करू नका, मला फक्त कागद पुढं कसा सरकतो ते सांगायचंय.

आणि अर्जावर सही आज्ज्याचीच घ्या. मी दोनदा माझ्या सहीनं पाठवला, दोनदा परत आला. जवान हयात असताना मुलीची सही चालत नाही.

निपाणी_एक्सप्रेस

रेकॉर्ड ऑफिस नक्की कुठलं ते पण सांगा कुणीतरी. आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटतं की फौज म्हणजे बेळगाव.

सुभेदार_रिटायर्ड

मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावातच. बॉम्बे सॅपर्स (इंजिनिअर) असेल तर खडकी, मद्रास सॅपर्स बेंगळुरू, तोफखाना नाशिक रोड कॅम्प, सिग्नल जबलपूर, ईएमई (गाड्या-यंत्रं दुरुस्तीवाले) सिकंदराबाद, एएससी (रसद-वाहतूकवाले) दक्षिण बेंगळुरू. पोरगं बेळगावचं असलं म्हणून कागद बेळगावात नसतो.

एक खोच सांगतो. आमच्या भागातले म्हातारे "मी मराठ्यात होतो" म्हणतात, पण ३ मराठा ची पुढं २ पॅरा झाली, ११ डिसेंबर ७१ ला टांगाईलला छत्रीनं उतरली ती हीच. जमालपूरला लढलेली १ मराठा, जंगी पलटण, ती वेगळी, त्या दोघी टांगाईलच्या बाजूला एकमेकींना मिळाल्या. म्हातारा दोन्हीला मराठाच म्हणणार, पण २ पॅरावाल्याचा कागद पॅराशूट रेजिमेंटकडं. आमच्या एका शेजाऱ्यानं वर्षभर चुकीच्या ऑफिसला पत्रं घातली. डिस्चार्ज बुकाच्या पहिल्या पानावर आणि पीपीओवर (पेन्शन पेमेंट ऑर्डरवर) कोर कुठला लिहिलंय ते बघायचं, म्हाताऱ्याच्या तोंडावर जायचं नाही.

खानापूरचा_नातू

सगळ्यांचे आभार. काका, आज्जा नायब सुभेदार १९८४ ला झाला, म्हणजे तुम्ही म्हणता तसंच दिसतंय, ८६ ला नंबर नवीन होता.

पण पूर्वी स्टारचा पुरावा आणायचा कुठनं? बरोबरचे फार कमी राहिलेत. आणि कोर्टाचं काय, एका वकिलानं आकडा सांगितला तो ऐकून घाम फुटला.

जुना_हेडक्लार्क

कोर्टाचं नाव काढू नकोस आत्ता. आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल आहे, २००७ च्या कायद्यानं झालेलं. रिटायर माणूस राहतो त्या भागाचं बेंच धरता येतं, म्हणजे तुला कोची, चंदगडकर ताईंना मुंबई. पण तिथं गेलास की पहिला प्रश्न येणार, ऑफिसला अर्ज केला होता काय, उत्तर काय आलं. ते उत्तरच नाही तर काय दाखवणार?

आधी साधा अर्ज रेकॉर्ड ऑफिसला. एका पानाचा. त्यात रागाचं एक अक्षर नको, "देशासाठी रक्त सांडलं" वगैरे पण नको, वाचणारा पण फौजीच आहे. दोन्ही नंबर वर लिही, जुना आणि जेसी. मग भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, ७१ मध्ये कुठल्या युनिटमध्ये, कधी जखमी, कुठल्या हॉस्पिटलात, तिथनं कुठं बदली. आणि शेवटी तीन ओळी की ही तीन मेडलं रेकॉर्डवर दिसत नाहीत, पात्रता तपासून नोंद करावी. २० वर्षांचं सगळ्यात वर लिही. ते त्यांच्याच तारखांवरून निघतं, फाईल उघडायला कारण मिळतं, आणि एकदा फाईल उघडली की बाकीचं पण बघतात.

त्याच्याबरोबर वेगळी आरटीआय घाल, आज्जाच्या नावानं. केंद्राची आहे, फी १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. लोक तिथं विचारतात "मला मेडल का दिलं नाही?" असल्या "का" ला उत्तर मिळत नाही. आरटीआयमध्ये कागद मागायचा. शीट रोलची प्रत, मेडलांच्या पार्ट टू ऑर्डरींची प्रत, डिसेंबर ७१ ते ७२ मधल्या हॉस्पिटल अ‍ॅडमिशनच्या आणि बदलीच्या नोंदींची प्रत, आणि मेडिकल कागद. पेन्शनर आहे म्हणून बरं, बिनपेन्शनच्या जवानाचं रेकॉर्ड २५ वर्षांनी नष्ट करतात, त्यांची पोरं येतात तेव्हा हातात काहीच नसतं.

तुला वाटतंय पुरावा नाही. अरे, जखमच पुरावा आहे. अगरतळ्याकडनं जखमी होऊन अमुक तारखेला हॉस्पिटलात दाखल अशी एक ओळ जरी शीट रोलवर किंवा मेडिकल कागदावर निघाली, तर तो लढाईच्या हद्दीत होता हे आपोआप आलं. स्टार आणि पराक्रम पदक दोन्ही त्या एका ओळीवर उभे राहतात. ती तारीख काढ. आज्जाला "मेडल" हा शब्द उच्चारू नकोस, त्यानं तो विषय ८९ ला बंद केलाय. हॉस्पिटलबद्दल विचार. शेजारच्या खाटेवर कोण होतं, जेवायला काय मिळायचं, घरी पत्र कुणी लिहिलं. म्हातारी माणसं त्यावर बोलतात.

चंदगडकर_ताई

पत्र! ते शोधा. आमच्याकडं आईनं बाबांची सगळी इनलँड पत्रं एका तारेला टोचून ठेवली होती. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो, तारीख मिळते.

खानापूरचा_नातू

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफ करा, भाताची सुगी चालू होती.

काकांनी सांगितलं तसं केलं. मळणी झाल्यावर संध्याकाळी आज्जा खळ्यावर बसला होता, मी पोटरीला तेल लावता लावता सहज विचारलं की गुवाहाटीत खायला भात मिळायचा की रोटी. बोलाय लागला तो दोन तास. छर्रा लागला ती रात्र त्याला दिवसासकट आठवते, म्हणाला लढाई सुरू झाल्यावरचा पहिला रविवार होता. कॅलेंडर बघितलं, ३ डिसेंबर ७१ शुक्रवार, म्हणजे ५ डिसेंबर. शेजारच्या खाटेवर एक शीख होता, त्याचा हात गेला होता, आज्जा त्याला भरवायचा आणि तो आज्जाची पत्रं लिहायचा, हिंदीत. म्हणून आज्जीनं ती कधी वाचलीच नाहीत, गावात मास्तरांकडं वाचून घ्यायची. दोन पत्रं सापडली, देवघराच्या फळीवर, पोथीच्या कापडात. एकावर फिल्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आहे, वर्ष ७१ स्पष्ट दिसतंय, महिना फुसकट आहे.

अर्ज गेला स्पीड पोस्टनं, आरटीआय पण गेली. आज्जानं दोन्हीवर सही केली. सही करताना मला म्हणाला, "कोरी दोन मोज्यात ठेवू नको, वेगळी ठेव." आता ती टीव्हीच्या कपाटात आहेत.

आता एक नवीन विचारायचंय. दोन वर्षांमागं आज्जाचा गुडघा दाखवायला नेला होता, एमआरआय करायचा होता, पण आधी एक्स-रे काढला तर पोटरीत धातूचा तुकडा दिसला, हरभऱ्याएवढा. म्हणून एमआरआय केलाच नाही, लोहचुंबकाचा प्रकार असतो ना तो. आम्हाला वाटत होतं छर्रा तेव्हाच काढलाय. ती फिल्म आणि रिपोर्ट घरात आहे. त्याचा उपयोग होईल काय?

सुभेदार_रिटायर्ड

बेटा, ५० वर्षं छर्रा पायात घेऊन भात लावला त्यानं. माझा सॅल्यूट सांग.

जुना_हेडक्लार्क

होईल की! एकटी फिल्म काही सिद्ध करत नाही, छर्रा कुठल्या साली बसला हे फिल्मवर लिहिलेलं नसतं. पण हॉस्पिटलची नोंद निघाली की तिच्याबरोबर ती फार वजनदार होते, आणि नोंदीत डावी पोटरी लिहिलंय की उजवी हे ताडून बघता येतं. आर्मीच्या डॉक्टरकडनं त्यावर दोन ओळी मिळाल्या तर आणखी चांगलं. ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकला आज्जाला नेतच असशील, तिथं विचार.

ओरिजिनल फिल्म पाठवू नकोस हं. रिपोर्टची झेरॉक्स, फिल्मचा उजेडावर धरून काढलेला फोटो, आणि प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात आज्जाचे दोन्ही नंबर पेनानं लिही, कारण पिना निघतात आणि पानं वेगळ्या फायलीत जातात. पत्राचं पण तसंच, शिक्का दिसेल असा फोटो. ७८ वर्षांच्या माणसाला ऑफिसला नेऊ नकोस, बोलावलं तर तेव्हा बघू.

पैशाचा विषय पण कुणीतरी काढेल, जखमेची पेन्शन वगैरे. ते वेगळं प्रकरण आहे, ह्या अर्जात घुसडू नकोस, नाहीतर दोन्ही अडकतील. आरटीआयचं उत्तर आलं की पहिल्यांदा शीट रोलचं पान बघ, मेडलांचा रकाना नाही, बदलीच्या नोंदींचा.

खानापूरचा_नातू

डावी आहे काका. लिहून ठेवतो. उत्तर आलं की इथंच टाकतो.

बेळगावी_कुंदा

आणि १६ डिसेंबरचं? आज्जा जाणार का?

खानापूरचा_नातू

जाणार म्हणतोय. तीनच लावून.